टाकी फुल ते टाकी फुल

कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि माझी बांगडी वाजत होती. हात स्टिअरिंगवर नुसता टेकलेला, तरी किणकिण चालूच. मी आधी बांगडीकडे पाहिलं, मग डॅशबोर्डवर थरथरणाऱ्या गणपतीकडे. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "एक सिलिंडर मारत नाहीये." बाबा ८२ वर्षांचे. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही. पण सीटमधून पाठीला जे कळतं त्याला कान लागत नाहीत.

गाडी २००७ची अल्टो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. चार सिलिंडरच्या गाडीत एक रुसलं तर बाकीची तीन कशीबशी ओढून नेतात. तिनातलं एक रुसलं की तिपाईच डुगडुगते. सिग्नल सुटला, गाडीने दोन आचके दिले, मागच्या बसने आमचा उद्धार केला आणि आम्ही कसेबसे कर्वेनगरला घरी पोचलो.  

नेहमीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निदान केलं. "इंजेक्टर चोक झालेत, ताई. तिन्ही बदलू. सोबत फ्युएल पंप बघू, थ्रॉटल बॉडी साफ करू." आकडा १४ हजारांचा होता. वर म्हणाला, "खरं सांगू का, एवढ्यात विकूनच टाका. अठरा वर्षं म्हणजे पुष्कळ झाली." निदान कदाचित बरोबर असेलही. पण मी बावीस वर्षं पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. न मोजता निष्कर्ष लिहिणाऱ्या पोरांच्या जर्नलवर मी कधी सही केली नाही, तर याला १४ हजार कशी देईन?

इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी, बारीक भोकाची तोटी. आमच्या घराला बारीक भोकांचं वावडं नाही. लहानपणी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता. आई त्याच्याकडे न बघता, पोळ्या लाटता लाटता सांगायची, "पिन मार गं त्याला." निळ्या ज्योतीचा फर्रर्र आवाज जरा घोगरा झाला की तिला कळायचं. जाळ पिवळा व्हायच्या आधीच. स्टोव्हची पिन म्हणजे पत्र्याच्या पट्टीला लावलेली केसाएवढी तार. ती नेमकी भोकात बसली की बोटांना कळायचं, आणि वाकली की आईला कळायचं.

बाबांची पिन स्कूटरसाठी होती. रविवारी सकाळी ओट्यावर जुना पेपर पसरायचा, त्यावर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, उघडून ठेवायचा. जेट म्हणजे पितळेचा हरभऱ्याएवढा तुकडा, मधोमध भोक. बाबा तो पेट्रोलमध्ये बुचकळायचे, तोंडाने फुंकर मारायचे आणि मग डोळ्याला लावून वर बघायचे. "आभाळ दिसलं," असं म्हणाले की काम झालं. मग मला बघायला द्यायचे. पितळी काठाचं, टाचणीच्या टोकाएवढं आभाळ मी दर रविवारी पाहिलेलं आहे. तरीही सोमवारी स्कूटर तिरकी केल्याशिवाय चालू व्हायची नाही, तो भाग वेगळा.

इंजेक्टरमधून आभाळ दिसत नाही. ही बोटाएवढी लांब, विजेवर उघडणारी तोटी. आत तारेचं वेटोळं, एक स्प्रिंग आणि एक सुई. टाकीतला पंप पेट्रोल साधारण तीन बार दाबाने रेलमध्ये, तिन्ही इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत, आणून ठेवतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दीडपट दाब. वेटोळ्यातून वीज गेली की सुई किंचित उचलली जाते, पेट्रोलचा फवारा हवेत मिसळतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावं इतक्या वेळात स्प्रिंग ती सुई पुन्हा दाबून बसवते. गाडी सिग्नलला घुरघुरत उभी असते तेव्हाही हे दर सिलिंडरमागे सेकंदाला सहा-सात वेळा चालू असतं. आमची गाडी ९१ हजार किलोमीटर चालली आहे. मी पाठकोऱ्या कागदावर ढोबळ हिशेब मांडला, तर एकेक सुई १० कोटींहून जास्त वेळा उघडमीट करून बसली होती. एवढं काम मी तरी केलेलं नाही. २००० साली धुराच्या प्रदूषणाचे भारत स्टेज (बीएस) नियम आले तसा कारमधून कार्बोरेटर गेला. दुचाकींतून तो जवळजवळ हद्दपार व्हायला २०२०चं बीएस-सहा उजाडावं लागलं. आता गल्लीतल्या प्रत्येक नव्या पेट्रोल स्कूटरच्या पोटात अशी एक सुई टकटकते आणि रविवारचे ओटे रिकामे पडलेत.

मोजायला सुरुवात केली. गाडी आयडलिंगवर, म्हणजे उभ्या उभ्या चालू ठेवायची आणि एकेका इंजेक्टरचा विजेचा सॉकेट काढून बघायचा. चांगल्या सिलिंडरचा सॉकेट काढला की इंजिन आणखी लंगडतं. पहिला काढला, गाडी बंद पडायला आली. तिसरा काढला, तेच. दुसरा काढला, काहीच नाही. म्हणजे दुसरं सिलिंडर आधीच संपावर. पण दोष ठिणगी टाकणाऱ्या प्लगचाही असू शकतो, म्हणून दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात टाकून पाहिला. दोष जागचा हलला नाही. दुसऱ्याचा प्लग टोकाला पांढराफटक होता, पेट्रोल कमी पडत असल्याची खूण. मग मल्टीमीटर. तिन्ही वेटोळी १३ ओहमच्या आसपास, म्हणजे तब्येतीत. शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या हाडाला. टक टक टक टक. तिन्ही टकटकत होते. सुई उचलली जात होती, पेट्रोल मात्र येत नव्हतं. गॅरेजवाल्याचं एक-तृतीयांश बरोबर होतं.

बाबांनाही स्क्रू-ड्रायव्हर दिला. त्यांनी मूठ कानामागच्या हाडावर टेकवली आणि बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. "हे येतंय ऐकू," म्हणाले. त्यांच्या कानाच्या मशिनला आम्ही दिलेल्या पैशांचा मी त्या क्षणी विचार केला नाही असं नाही.

मग ते वर गेले आणि वही घेऊन आले.

ही वही गाडीच्याच वयाची आहे. पाच रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर, मायलेज आणि 'कुठे'. पेट्रोल भरायचं ते टाकी फुल करूनच, आणि मायलेज काढायचं ते टाकी फुल ते टाकी फुल, हा बाबांचा दंडक. शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकणारा माणूस त्यांच्या लेखी जुगारी. घरात या वहीची चेष्टा होते. मी ती आयुष्यात पहिल्यांदाच नीट वाचली.

मे २००९: गुहागर, लिटरला १७.८. त्याच वर्षी पंढरपूर, १८.१, पुढे कंसात 'हवा भरली होती'. नाशिक, बारसं. वाई, मेणवली. ताम्हिणी (धबधबे, सौ. आजारी, परत). २०१४पर्यंत आकडे सतरा-अठराच्या खाली येत नाहीत. मग 'कुठे' रकान्यात मंडई यायला लागते. बँक. पेन्शन. डोळे. पुन्हा मंडई. १५.२. आईच्या आजारपणाचं वर्ष आहे, त्यात एकच शब्द खालपर्यंत 'वरीलप्रमाणे' म्हणून गेलाय. २०२०मध्ये दोनच नोंदी. २०२२मध्ये पंधरा वर्षं झाली म्हणून संगम पुलाजवळच्या आरटीओत पुनर्नोंदणीच्या खेपा, आणि त्यानंतर अक्षर बदलतं. पुढचं अक्षर माझं. गाडी मीच चालवते तेव्हापासून. रक्त. एक्स-रे. डॉ. डॉ. डॉ. शेवटचा आकडा ११.४.

इंजेक्टर का तुंबतो, याचं उत्तर मी प्रयोगशाळेतून घेऊन आले होते. गाडी बंद केली की इंजिनमधलं पाणी फिरायचं थांबतं आणि आतली धग बाहेरच्या भागांत चढत जाते. इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेलं थेंबभर पेट्रोल त्या धगीत तापतं. त्यातलं हलकं ते उडून जातं, जड ते मागे राहतं. फोडणीच्या कढईला बाहेरून तेलाचा पिवळा चिकट राप बसतो ना, तसाच तो बसतो. गाडी लांब पल्ल्याला गेली तर पेट्रोलचा वाहता लोंढा यातलं बरंच धुऊन नेतो. दोन किलोमीटर जायचं, बंद करायची, अर्धा तास थांबायचं, दोन किलोमीटर परत यायचं, बंद करायची, असं रोज केलं तर प्रत्येक थांब्याला एक हात बसतो रंगाचा. ताम्हिणीने गाडी साफ ठेवली होती. डॉ. डॉ. डॉ.ने ती बुजवली.

मी वही मिटली. बाबा म्हणाले, "बघितलंस? साडेसहा किलोमीटरचा फरक आहे."

"हो, बघितलं," मी म्हटलं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका पार्किंगमध्ये आले आणि त्यांनी सगळा दोष इथेनॉलवर ढकलला. "पेट्रोलमध्ये आता साखर कारखानदार बसलेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. २०२५मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेलंय हे खरं, आणि २००७ची गाडी त्या हिशेबाने बांधलेली नाही हेही खरं. रबराचे जुने पाइप तपासलेले बरे. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश कमी. त्याचे २० टक्के मिसळले तर एकूण घट सहा-सात टक्क्यांची. सतरावरून सोळावर येणं समजू शकतं, अकरावर येण्याचं बिल उसाच्या नावावर फाडता येत नाही. काकांना हे पटलं नाही. त्यांच्या खिडकीतून एआरएआयची टेकडी दिसते. १९६६पासून तिथली संस्था देशभरच्या गाड्यांची परीक्षा घेते, आणि काका रोज संध्याकाळी टेकडी चढून येतात, त्यामुळे या विषयात त्यांचा अधिकार मोठा.

काम रविवारी काढलं. आदल्या रात्री पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू केली. रेलमधलं उरलंसुरलं पेट्रोल पिऊन ती आपोआप बंद पडली, म्हणजे दाब उतरला. हे न करता रेल सैल केली तर ते पेट्रोल तीन बारने तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली. इंजिन रात्रभर गार होऊ दिलं. सकाळी वाळूची बादली जवळ घेतली आणि वॉचमनकाकांना बिडीसकट गेटवर पाठवलं. ते तिथूनच ओरडून विचारत राहिले, "ताई, मिस्त्री कधी येणार?"

रेल उचलण्याआधी इंजेक्टरांच्या बुडाभोवतीची अठरा वर्षांची माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढली. हा अर्धा तास वाचवावासा वाटतो, पण वाचवू नये. इंजेक्टर उपसला की ती माती सरळ भोकातून व्हॉल्व्हवर पडते. मग दहा नंबरच्या गोटीने रेलचे बोल्ट, सॉकेटच्या नाजूक क्लिपा, आणि रेल वर. इंजेक्टर जागचे हलेनात. ओढायचं नाही, किंचित फिरवत फिरवत घ्यायचं, घट्ट झाकणाच्या लोणच्याच्या बरणीसारखं. तिन्ही निघाले. भोकांमध्ये स्वच्छ कापडाचे बोळे कोंबले. बोल्ट, क्लिपा, वायसर सगळं बाबांकडे, ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत आईच्या इडलीपात्राची ताटली मांडीवर घेऊन बसले होते. एकेका वाटीत एकेका नंबरचं सामान. इंजेक्टरांना त्यांनी तीन रंगांचा दोरा बांधला.

आणि मग खिशातून स्टोव्हची पिन काढली.

कुठे ठेवली होती, किती वर्षं ठेवली होती, देव जाणे. स्टोव्ह जाऊन तीस वर्षं झाली असतील. मी म्हटलं, "बाबा, नको. याचं भोक पिनेपेक्षा बारीक आहे. कड जरा जरी ओरखडली तर फवारा कायमचा तिरका होईल." त्यांनी पिन उजेडात धरून पाहिली आणि परत खिशात ठेवली. थोड्या वेळाने विचारलं, "मग साफ झालं हे कळणार कसं? आभाळ तर दिसत नाही."

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलं होतं: नऊ व्होल्टच्या बॅटरीचा क्लिप, एक दाबबटण आणि इंजेक्टरला बसेल असा सॉकेट. कार्बोरेटर क्लीनरच्या डब्याची नळी रबरी पाइपच्या तुकड्याने इंजेक्टरच्या वरच्या तोंडाला जोडली. टोक मधाच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. आता डबा दाबायचा आणि बटण टिचकी मारल्यासारखं सोडायचं. दाबून धरलं तर वेटोळं तापून जळू शकतं. टिक. टिक. टिक.

पहिल्यातून आधी चहासारखं पाणी आलं, मग पारदर्शक, मग न्हाव्याकडच्या फवाऱ्यासारखं धुकं. तिसऱ्याचंही तसंच. बाबांनी बटण मागून घेतलं आणि लहान मुलासारखे टिकटिक करत बसले. डबा निम्मा त्यांनीच संपवला.

दुसऱ्यातून धार आली. न्हाव्याच्या त्याच फवाऱ्याचं तोंड कुणीतरी पिळून ठेवावं तशी सरळ, एका अंगाला कललेली धार. उलटा धुतला, रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, पुन्हा धुतला. धारेभोवती थोडं धुकं जमलं, पण बटण सोडल्यावरही टोकाशी एक थेंब लोंबकळत राहिला. तो थेंब मी पाहिला नव्हता. बाबांनी टॉर्च मारून दाखवला. "हा मिटत नाहीये गं पुरता."

सोमवारी वडगावला एका यंत्रवाल्याकडे तिन्ही घेऊन गेले. त्याच्याकडे काचेच्या उभ्या नळ्या असतात. इंजेक्टर ओळीने टांगायचे, सारख्याच वेळासाठी उडवायचे, आणि कुणी किती भरलं ते वाचायचं. हे यंत्र मला फार आवडलं, आमच्या प्रयोगशाळेत शोभलं असतं. पहिला ४६ मिली, तिसरा ४७, दुसरा ३३. मग त्याने ते ४० किलोहर्ट्‌झच्या अल्ट्रासॉनिक पाण्यात गुदगुल्या करायला सोडले. दुसरा ४१वर आला, पण थेंब काही जाईना. "हा गेला, ताई. याला ठेवलात तर रात्रभर सिलिंडरमध्ये टपकेल." एका इंजेक्टरचे त्याने ३०० घेतले आणि गेलेल्याचे घेतले नाहीत. नवा, त्याच नंबरचा, दोन हजारांच्या आत मिळाला.

इथे खरं तर काम संपायला हवं होतं. पण नव्याबरोबर त्याच्या ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी रिंगा, आल्या, जुन्या दोघांच्या वाळून काचेच्या बांगडीसारख्या कडक झाल्या होत्या, आणि बाबा म्हणाले, "नळाच्या किटमध्ये त्याच मापाच्या आहेत की." मी हो म्हटलं. कबूल करते. दोघंही पुण्यात वाढलोय.

सुदैवाने मी थेट स्टार्टर मारला नाही. आधी फक्त चावी फिरवली. पंप दोन सेकंद गुणगुणून थांबतो, रेल भरते, तेवढ्यात गळती कळते. वास आला. तिसऱ्याच्या मानेवर थेंब, मग ओघळ. चावी बंद, पुन्हा सगळं खाली, आणि दुपारी मी नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदाराने माझी रिंग दोन बोटांत चुरडून पाहिली. "ही नळाची आहे. आज बसली असती तरी आठवड्याभरात पेट्रोलात फुगली असती. व्हिटॉनची घ्या." मग काउंटरवर रिंगा मोजता मोजता, अगदी सहज, "किती वाचणार होते?"

चार रिंगांचे मिळून १२० रुपये झाले.

नव्या रिंगांना इंजिन ऑइलचं बोट लावलं, म्हणजे बसताना चिमटत नाहीत. इडलीपात्र वाटी वाटीने रिकामं झालं. एक वायसर उरला, तो कुठला हे अजून कळलेलं नाही. चावी तीनदा फिरवून थांबले, रेलवरून कोरडा टिश्यू फिरवला, तो कोरडाच राहिला. मग स्टार्टर. दोन खोकले, आणि गाडी सुरू झाली. मी बांगडीचा हात स्टिअरिंगवर टेकवला. बाबांनी बॉनेटवर पंजा ठेवला होता, जत्रेत बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"एकदा लांब काढायला हवी," ते म्हणाले. "घाटात घे. पोट साफ होऊ दे तिचं."

दिवेघाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. मधे एका ट्रकमागे दुसरा टाकावा लागला, पण आचका नाही. वर आल्यावर बाबांनी काच खाली केली आणि मस्तानी तलाव दिसेनासा होईपर्यंत मान वळवून बघत राहिले. पावसाळा संपत आला होता, तलावात पाणी होतं. सासवडला काहीच काम नव्हतं. सीताफळं घेतली, टपरीवर चहा घेतला. चहा अती गोड होता आणि आम्ही दोघंही डॉक्टरांनी सांगितलेलं विसरलो.

परतताना पंपावर टाकी फुल केली. घरी आल्यावर बाबांनी वही मागितली, पेनही मागितलं. तीन वर्षांनी. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले. हात हलतो, त्यामुळे लिटरचा दशांश रकान्याबाहेर गेला. 'कुठे'मध्ये लिहिलं: सासवड. थोडं थांबले, मग पुढे लिहिलं: सहज.

मी मोबाइलवर भागाकार करून ठेवला होता. "बाबा, सोळा पूर्णांक दोन."

"ते लिहू नकोस," वही मिटत ते म्हणाले. "मागच्या खेपेला तू पाचशेचंच टाकलं होतंस. टाकी फुल नव्हती, म्हणजे हा हिशेब धरता येत नाही. पुढच्या टाकीला बघू."